गोलकीपरला शिकवायचं कोणी आणि काय?

राळेगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या क्रीडाशिक्षिकांनी विचारलं आहे: "शाळेची सतरा वर्षांखालील मुलींची हॉकी टीम यंदा पहिल्यांदाच जिल्ह्याला गेली. पहिल्याच मॅचमध्ये आमच्यावर सात गोल झाले. कीपर आठवीतली आहे, त्या मॅचपासून पॅड बांधायला तयार नाही. मी स्वतः खो-खो खेळलेली. हॉकी व्हिडिओ बघून शिकवते. गोलकीपरचे चांगले व्हिडिओ शोधले की बहुतेक आइस हॉकीचेच सापडतात. ते आपल्याला चालतील का? आणि गोलकीपरच्या बाबतीत प्रशिक्षकाचं नेमकं काम काय? मी तर रोज अर्धा तास तिच्यावर बॉल मारून घेते."

मॅडम, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मेख तिथेच आहे. अर्धा तास बॉल मारले जातात हे ठीक, पण त्या अर्ध्या तासात तिला शिकवतं कोण? यवतमाळ-वर्धा-अमरावती पट्ट्यातल्या शाळांच्या मैदानांवर मी हेच बघत आलो आहे. दहा पोरी डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, टोकावर रांगेत, प्रत्येकीकडे एक बॉल, सर शिट्टी वाजवतात आणि धाडधाड सुरू. पहिला बॉल अडवून कीपर उठते न उठते तोच दुसरा येतो, तिसऱ्याच्या वेळी ती पाठमोरी असते. ही प्रॅक्टिस फॉरवर्डची झाली. कीपर तिथे जागा भरायला उभी आहे. त्यातून ती एकच गोष्ट पक्की शिकते: पाय जमिनीवर ठरायच्या आधीच अंग झोकून द्यायचं आणि पुढचं नशिबावर सोडायचं.

माझ्या मते प्रशिक्षकाचं पहिलं काम म्हणजे कीपरला मोजायचं माप बदलणं. गोल तर सगळेच मोजतात. पंच मोजतात, समोरची टीम मोजते, मॅच बघायला आलेले मुख्याध्यापकही मोजतात. तुम्हीही तेच मोजणार असाल तर तिला तुमचा काय उपयोग? तुम्ही वेगळ्या तीन गोष्टी बघायच्या. शॉट निघाला त्या क्षणी ती बरोबर जागी होती का. दोन्ही पाय ठरलेले होते का. आणि अडवलेला बॉल कुठे गेला. हे तिन्ही बरोबर असूनही गोल होतो. तिन्ही चुकूनही कधी बॉल पॅडच्या कडेला लागून बाहेर जातो आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांनंतर "हे चुकलं होतं बरं" असं सांगणारं आणि गोल झाल्यावर "तू बरोबर होतीस" म्हणणारं माणूस मैदानावर एकच असतं.

त्यासाठी एक वही करा. राखीव खेळाडूंपैकी एकीला शंभर पानी वही देऊन गोलच्या बाजूला, जरा लांब बसवा. जाळीच्या मागे नको, आपल्या जाळ्यांना किती भोकं असतात ते तुम्हाला माहीत आहे. डीचं लहान चित्र काढायचं, शॉट जिथून आला तिथे फुली आणि फुलीला नंबर. खाली त्या नंबरापुढे तीन रकाने: जागा, पाय, रिबाउंड (म्हणजे अडवून परत गेलेला बॉल). ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच. गोल झाला का, हा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही. सुरुवातीला पोरी तो कडेला स्वतःहून लिहितात, लिहू द्या.

या वहीतून काय निघतं ते सांगतो. एका मुलीच्या पानांवर डाव्या बाजूच्या फुल्यांपुढे सगळे ‘हो’ आणि उजव्या बाजूच्या फुल्यांपुढे, ‘पाय’च्या रकान्यात, ओळीने ‘नाही’. रिफ्लेक्स कमी आहेत, उजवी बाजू कच्ची आहे, असं तिला सगळे सांगत होते. जवळ जाऊन खाली बसून बघितलं तर उजवीकडे सरकताना तिचा डावा पॅड पोटरीवर गोल फिरत होता. खालचा पट्टा तुटलेला, त्याला सुतळी बांधलेली, आणि पॅड फिरू नये म्हणून ती तो पाय ओढत आणायची. मोच्याकडून पट्टा शिवून आणला. पुढच्या पानांवर ‘नाही’ कमी झाले. हजार बॉल मारून हे दिसलं नसतं. तुमच्या त्या सात गोलांचंही तसंच करा. तिला जवळ बसवून प्रत्येक गोल कुठून आला तेवढं आठवायला सांगा. माझा अंदाज आहे की त्यातले निम्मे तरी पहिला बॉल अडवल्यानंतर, रिबाउंडवर झाले असतील. तसं असेल तर तो प्रश्न एकट्या कीपरचा राहत नाही, बॅकच्या मुलींनाही त्या चर्चेला बोलवा.

आता आइस हॉकीचे व्हिडिओ. बघा, पण गाळून घ्या. त्यांचा गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच, म्हणजे साधारण १.८३ बाय १.२२ मीटर. आपला ३.६६ बाय २.१४ मीटर. क्षेत्रफळ काढलं तर आपला गोल साडेतीन पट मोठा निघतो. त्यांचा गोली, म्हणजे गोलकीपर, जाडजूड किट घालून अंगानेच गोल भरून टाकतो. आपल्या आठवीतल्या मुलीला ते शक्य नाही. त्यांची प्रसिद्ध ‘बटरफ्लाय’ बैठक तुम्ही पाहिली असेल: दोन्ही गुडघे जवळ घेऊन बर्फावर टेकवलेले, नडग्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या. खालचा भाग पॅडने बंद होतो, वरचा हातांनी सांभाळायचा. शिवाय गुडघ्यांवर बसल्या बसल्या ते बर्फावरून घसरत एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पोचतात. आपल्या मुरमावर गुडघे टेकले की माणूस तिथेच अडकला, आणि गुडघे सोलून निघतात ते निराळंच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानावर तर पॅडला एवढा चिखल चिकटतो की उठतानाच दमछाक होते. त्यामुळे बटरफ्लाय हा प्रकार आपल्यासाठी बाद.

दुसरा फरक नियमाचा. त्यांचा गोली पक (बॉलऐवजी असते ती चपटी चकती) ग्लोव्हमध्ये पकडतो किंवा अंगाखाली दाबून खेळ थांबवतो, सगळे श्वास घेतात, मग फेसऑफने खेळ पुन्हा सुरू. आपल्या कीपरने बॉल अंगाखाली दाबून धरला तर पेनल्टी कॉर्नर (गोलच्या बाजूच्या रेषेवरून समोरच्या टीमला मिळणारा बॉल) किंवा स्ट्रोक (फक्त कीपर समोर असताना मारायचा शॉट) गळ्यात पडतो. आपल्याकडे अडवणं हे अर्धंच काम आहे. अडवलेला बॉल बाजूला, साइडलाइनच्या दिशेने घालवणं हे उरलेलं अर्धं. किकरच्या (पावलावर बांधायच्या जाड फोमच्या) आतल्या बाजूने, पाऊल थोडं तिरपं ठेवून बॉल वळवायला शिकवा. समोर सरळ लाथ मारून परत दिला तर तो पुन्हा त्यांच्याच सेंटर फॉरवर्डकडे जातो.

मग त्या व्हिडिओंतून घ्यायचं काय? शॉट बघू नका, शॉटच्या आधीचे दोन सेकंद बघा. आवाज बंद करून फक्त गोलीचे पाय बघा. पास इकडून तिकडे गेला की आधी डोकं वळतं, मग खांदे, मग पाय. आणि शॉट निघायच्या क्षणी तो थांबलेला असतो. छाती नेमकी पकच्या समोर. अडवल्यावर पडून न राहता, रिबाउंड कुठे गेला तिकडे तोंड करूनच उठतो. हे जसंच्या तसं मुरमावर चालतं. बाकी आपल्या खेळासाठी आपलेच व्हिडिओ बघा. टोकियो ऑलिंपिकची महिलांची उपांत्यपूर्व मॅच, भारत १, ऑस्ट्रेलिया ०. त्यात सविता पुनियाने पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर कसे परतवले ते मुलींना मुद्दाम दाखवा. ती हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे, हेही जाता जाता सांगा. आणि आपल्या यवतमाळचा आकाश चिकटे भारताच्या गोलमध्ये उभा राहिलेला आहे. २०१६ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला ३-२ ने हरवलं तेव्हा गोल तोच सांभाळत होता. जिल्ह्याचं नाव ऐकलं की पोरींचे कान टवकारतात.

‘मी कधी कीपर नव्हते’ याची काळजी सोडा. आइस हॉकीतही बरीच दशकं गोलीला वेगळा प्रशिक्षक नसायचा. मुख्य प्रशिक्षक बाकीच्यांना शिकवायचा आणि गोली आपला आपण. फ्रान्स्वा अलेर या माणसाने ते बदलायला मोठा हातभार लावला. तो स्वतः एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये, कधी खेळला नाही. पण त्याने पॅट्रिक रॉयसारख्या गोलीची बैठक, सरकणं, कोन हे सगळं बारकाईने बसवलं, आणि १९८६ मध्ये विशीतल्या रॉयने मॉन्ट्रियलच्या टीमला स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, मिळवून दिलं. अलेरचा गुण हा की तो बघायचा पद्धतशीर आणि सांगायचा मोजकं. एवढं तुम्हालाही जमेल. शिवाय खो-खोचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. कीपरला पन्नास मीटर धावायचं नसतं, तिला पहिली दोन पावलं लागतात: कंबर खाली, वजन चवड्यांवर, दिशा पटकन बदलणं. खांबाजवळ वळणाऱ्या चेसरला तुम्ही जे शिकवता तेच हे. आणि समोरच्याच्या खांद्यावरून तो कुठे वळणार हे ओळखणं तर खो-खोच्या रनरइतकं कोणाला येत नसेल. कीपर निवडायचीच असेल तर खो-खोच्या टीममधून निवडा. जी धावत नाही, जाड आहे, जिला कोणी घेत नाही तिला गोलमध्ये उभं करायची पद्धत आता बंद व्हायला हवी.

कोन शिकवायला दोरी लागते, दुसरं काही नाही. कापसाचे गठ्ठे बांधतात तसली जाड सुतळी चालेल. एक टोक एका खांबाला, दुसरं टोक दुसऱ्या खांबाला, आणि मधली सुतळी ओढून जिथे बॉल आहे तिथे खुंटीला अडकवायची. त्रिकोण तयार होतो. कीपर त्या त्रिकोणात उभी. आता बॉल गोलच्या बरोबर समोर १० मीटरवर आहे असं धरा. ती गोललाइनवर उभी असेल तर तिला पूर्ण ३.६६ मीटर सांभाळायचे आहेत. तीच ३ मीटर पुढे आली की दोन सुतळ्यांमधलं अंतर साधारण २.५६ मीटर उरतं. एक मीटर दहा सेंटिमीटर नुसतं चालून वाचलं, उडी नाही, डाइव्ह नाही. हे फळ्यावर सांगून कळत नाही. तिला हात पसरून दोन्हीकडच्या सुतळीला ग्लोव्ह लावू द्या, मग एकेक पाऊल मागे जायला सांगा. सुतळ्या हाताबाहेर जाताना तिला स्वतःला दिसतात. मग खुंटी उजवीकडे हलवा, पुन्हा तेच. काही दिवसांनी सुतळी काढली तरी पाय आपोआप अर्धगोलात फिरू लागतात, डाव्या खांबापासून पुढे येत मध्यावर आणि पुन्हा मागे उजव्या खांबापर्यंत. फार पुढे आली तर बाजूला पास होऊन मागचा गोल मोकळा राहतो, तेही त्याच सुतळीत दाखवा.

यानंतरच बॉल. तोही सुरुवातीला हाताने टाकलेला टेनिस बॉल, मग पुश (स्टिकने ढकललेला), मग हिट (स्टिक फिरवून मारलेला). दोन शॉटच्या मध्ये तिला परत जागेवर येऊन पाय ठरवायला वेळ द्या. तिने ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढचा बॉल मारायचा नाही, असा नियमच करा. अर्ध्या तासात पन्नास ऐवजी वीस बॉल होतील. होऊ द्या. मॅचच्या वेगाचे सलग दोन-तीन शॉट आठवड्यातून एखाद्या दिवशी, रिबाउंडची सवय म्हणून.

किटबद्दल जरा जास्त लिहितो, कारण खेड्यातल्या शाळेत कीपर घाबरण्याचं निम्मं कारण किट असतं. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये आइस हॉकीच्या मॅचमध्ये मॉन्ट्रियलचा गोली जाक प्लांत याच्या तोंडावर अँडी बाथगेटचा शॉट बसला. तोपर्यंत बहुतेक गोली उघड्या चेहऱ्याने खेळत. प्लांत सरावात मास्क घालायचा, पण मॅचमध्ये घालायला त्याचा प्रशिक्षक टो ब्लेक तयार नव्हता. मास्कने नजर अडते, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी टाके घालून प्लांत परत आला तो मास्कशिवाय उतरणार नाही म्हणून अडून बसला. टीमकडे दुसरा गोली नव्हता, ब्लेकला मान्य करावं लागलं. त्यानंतर मॉन्ट्रियल जिंकतच राहिलं आणि हळूहळू सगळ्यांनी मास्क घेतला. आज ऐकायला हे विचित्र वाटतं. पण कीपर हेल्मेट ढिलं आहे म्हणते तेव्हा "काही होत नाही, खेळ" म्हणणारे टो ब्लेक आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत.

तेव्हा हे बघून घ्या. हेल्मेट डोकं हलवल्यावर मागे राहता कामा नये; ढिलं असेल तर आत स्पंज चिकटवा. गळ्याचा गार्ड आणि चेस्ट गार्ड नसेल तर तिच्यावर हिट मारूच नका, फक्त पाय हलवायची प्रॅक्टिस घ्या. पेल्विक गार्ड मुलींनाही लागतो आणि तो मागायला त्या लाजतात. तुम्ही मॅडम आहात, हे तुम्हाला सोपं जाईल. पॅडचे बक्कल बाहेरच्या बाजूला यायला हवेत, आत आले की एकमेकांत अडकून ती तोंडावर पडेल. क्रिकेटचे पॅड आणि क्रिकेटचं हेल्मेट चालवून घेतात, ते नको: क्रिकेटच्या पॅडमध्ये पाऊल उघडं राहतं, हेल्मेटमध्ये गळा. किट नवं घ्यायला पैसे नसतील तर आधी किकर आणि हेल्मेट चांगलं घ्या, बाकी जुनं चालेल. भारताचा माजी गोलकीपर श्रीजेश याच्या वडिलांनी मुलाच्या किटसाठी गाय विकली होती ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. आपल्या पालकांवर ती वेळ आणू नका, गावातल्या एखाद्या पतसंस्थेला, माजी विद्यार्थ्यांना विचारा. हो, आणि घामेजलेलं किट पेटीत कोंबू नका. सावलीत वाळवा, मग खोलीच्या छताला तारेने टांगा. फोम उंदरांना फार आवडतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पेटी उघडली तर आत पॅड कमी आणि भुसा जास्त, हे मी अनेक शाळांत बघितलं आहे.

उन्हाळ्याचं तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा पूर्ण किट घालून सकाळी सातनंतर कोणी उभं राहू नये. दहा मिनिटं किटमध्ये, मग हेल्मेट-चेस्ट गार्ड काढून पाणी, लिंबू-मीठ-साखर किंवा ताक. चक्कर येते म्हणाली तर तिथेच थांबायचं.

आता आवाज. आपल्या भागातल्या कीपरमध्ये मला सर्वांत मोठी उणीव वाटते ती ही. पोरींना घरात, शाळेत, सगळीकडे "हळू बोल" म्हणून वाढवलेलं असतं, आणि गोलमध्ये एकदम आपण म्हणतो, ओरड! कसं ओरडेल? संपूर्ण मैदान तिच्या समोर असतं, बॅकच्या पाठीमागून कोण येतंय हे फक्त तिलाच दिसतं, आणि ती गप्प. हे शिकवावं लागतं, नुसतं सांगून येत नाही. बॉल न घेता प्रॅक्टिस घ्या: सहा मुली डीमध्ये इकडेतिकडे चालतात, कीपर नाव घेऊन दिशा सांगते, जिचं नाव आलं तिने तसंच हलायचं. कीपर चुकीचं बोलली तरी चुकीचं हलायचं, म्हणजे आपल्या बोलण्याने काय होतं ते तिला कळतं. शब्द छोटे आणि आधी ठरलेले: नाव, मग ‘डावी’, ‘उजवी’, ‘मांगं’ (मागे), ‘माहा’ (माझा बॉल). इंग्रजी कॉल व्हिडिओत बरे वाटतात, पण घाईच्या वेळी तोंडातून घरचीच भाषा निघते. तुमच्या शाळेत कोलाम, गोंड मुली असतील. त्यांचे कॉल त्यांच्या भाषेत ठेवून बघा. आवाज मोकळा होतो, आणि समोरच्या टीमला काही समजत नाही हा वरचा फायदा.

हाच आवाज पेनल्टी कॉर्नरला उपयोगी पडतो. कीपर धरून पाच जणी गोललाइनच्या मागे. कोण पहिली धावणार, कोण खांबाजवळ, हे कीपरने सांगायचं, बाहेरून तुम्ही नाही. नियम लक्षात ठेवा: कॉर्नरवरचा पहिला शॉट हिट असेल तर बॉल गोललाइन ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या वर असता कामा नये, म्हणजे मागच्या फळीच्या उंचीत. फ्लिकला, म्हणजे स्टिकने उचलून फेकलेल्या बॉलला, ही मर्यादा नाही. तालुका-जिल्हा पातळीवर मुलींच्या सामन्यांत चांगला ड्रॅग फ्लिक क्वचितच दिसतो, बहुतेक हिटच येते. तेव्हा तिने उभं राहून, गुडघे वाकवून, खालच्या बॉलची तयारी ठेवायची. टीव्हीवर बघून सुरुवातीलाच आडवं पडायची हौस असते, ती या वयात मोडून काढा. आडव्या पडलेल्या कीपरला रिबाउंडवर काहीच करता येत नाही.

बरोबरी सुटायला तुमच्या स्पर्धेत स्ट्रोक ठेवले आहेत की शूटआउट, हे आधीच विचारून ठेवा. शूटआउट असेल तर २३ मीटरच्या रेषेवरून एक खेळाडू निघतो आणि तिला ८ सेकंद मिळतात. घड्याळ कीपरच्या बाजूने आहे, एवढं एक तिच्या डोक्यात बसवा. सुरुवातीला जोरात पुढे यायचं, मग ब्रेक, मग लहान पावलांनी मागे सरकत, उभं राहूनच, फॉरवर्डला तिच्या उलट्या स्टिकच्या बाजूला, म्हणजे कीपरच्या उजवीकडे, ढकलत न्यायचं. प्रॅक्टिसमध्ये एक मुलगी मोठ्याने सेकंद मोजते. पाचव्या-सहाव्या सेकंदाला फॉरवर्डच घाबरते हे एकदा पाहिलं की कीपरला शूटआउट आवडायला लागतो.

सात गोलांनंतर पॅड न बांधणाऱ्या मुलीचं काय? एक जुनी मॅच सांगतो. २२ फेब्रुवारी १९८०, लेक प्लॅसिडचं ऑलिंपिक, आइस हॉकी, सोव्हिएत संघ विरुद्ध अमेरिका. सोव्हिएत गोली व्लादिस्लाव ट्रेटियाक त्या काळातला जगातला सर्वोत्तम. पहिल्या पिरियडचा शेवटचा सेकंद उरलेला असताना गोल झाला, २-२. प्रशिक्षक तिखोनोवने ट्रेटियाकला तिथेच बाहेर काढलं आणि मिश्किनला उतरवलं. अमेरिका ४-३ ने जिंकली. आपल्या कारकिर्दीतली ती सर्वांत मोठी चूक होती असं तिखोनोवने पुढे स्वतः सांगितलं. ट्रेटियाकची तोवर दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं झालेली होती आणि १९८४ मध्ये त्याने तिसरं घेतलं, म्हणजे गोली संपलेला नव्हता. कीपरला मधेच बाहेर काढायचं असेल तर दुखापत किंवा थकवा हे कारण असावं. राग हे नाही. मॅच चालू असताना गोल झाल्यावर साइडलाइनवरून तिचं नाव घेऊन ओरडू नका. मध्यंतरात तिच्याजवळ स्वतः जा, एकच गोष्ट सांगा, तीही पायांबद्दलची. "पुढं ये", एवढं पुरे. उरलेलं दुसऱ्या दिवशी वही उघडून.

आत्ता तिला पॅड बांधायचा आग्रहही करू नका. आठवडाभर तिच्याकडे वही द्या, दुसरी कोणीतरी गोलमध्ये उभी राहील आणि ती रकाने भरेल. दुसरीच्या चुका लिहिता लिहिता तिला आपले गोल वेगळे दिसू लागतात. बहुतेक मुली चार-पाच दिवसांत स्वतःच किट मागतात. नाही मागितलं तर ती बॅक म्हणून चांगली होईल. सगळ्यांनीच कीपर व्हायला हवं असं नाही.

घरच्यांशीही बोला. आश्रमशाळेच्या मुलीचे आईवडील लांब पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) किंवा गावी असतात, मॅचला येत नाहीत, त्यांच्यापर्यंत फक्त "पोरीले बॉल लागला" एवढीच बातमी पोचते. "सर, तोंडाले लागलं तं काय करावं? पोरगी आहे बाप्पा," हा प्रश्न मला अनेक बापांनी विचारला आहे. उत्तर म्हणून मी हेल्मेट सोबत नेतो. बापाला घालायला लावतो, वरून बुक्की मारायला सांगतो. त्यानंतर सहसा परवानगी मिळते, आणि नाही मिळाली तर त्यांचं म्हणणं ऐकून परत यायचं.

दोन कीपर ठेवायच्या का, असं तुम्ही विचारलं नाही, पण ठेवा. किट एकच असलं तरी चालतं: एक किटमध्ये, दुसरी साध्या बुटात दोरीवर, आणि दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. दोघींची उंची फार वेगळी नसावी, नाहीतर पट्टे बदलण्यातच वेळ जातो. मॅचच्या आधी मुख्य कीपरचा वॉर्मअप दुसरीने घ्यावा. तिलाच ठाऊक असतं कुठला बॉल किती जोरात हवा. आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या शेवटी आणि नेहरू हॉकी या शालेय स्पर्धेचे सामने लगेच जुलै-ऑगस्टमध्ये लागतात. सुट्टीत मुली गावी गेलेल्या असतात, पावसाने मैदान भरलेलं असतं, हातात जेमतेम काही आठवडे उरतात. त्यामुळे दुसरी कीपर एप्रिलच्या आतच हेरून ठेवा आणि सुट्टीला जाताना दोघींच्या पिशवीत दोन-दोन टेनिस बॉल टाका. घराची एक भिंत सापडली की पुरे. कापूस वेचायच्या दिवसांत त्यांना घरी थांबवून घेतात, तेव्हाही तेच.